मोटर पळाली तेव्हा मी रीडिंग घेत होतो

आमच्या प्रॅक्टिकलच्या बॅचमध्ये आम्ही चौघं होतो आणि एकमेकांना गावाच्या नावानं हाक मारायचो. ही पद्धत कोणी पाडली ते आठवत नाही. चांदूर रेल्वेहून रोज गाडीनं बडनेऱ्याला उतरून येणारा तो चांदूर. नांदगाव खंडेश्वरचा तो नांदगाव. बाळापूरची मुलगी ती बाळापूर. आणि मी अकोला. अमरावतीत इलेक्ट्रिकलच्या तिसऱ्या वर्षाला आलो तोवर या नावाची इतकी सवय झाली होती की बसस्टँडवर कंडक्टर 'अकोला, अकोला' ओरडला की मी वळून बघायचो.

मशीन्सच्या लॅबमधली कामंही अशीच आपोआप वाटली गेली होती. बाळापूर कनेक्शन करायची. तिच्या घरी गाद्या-रजया भरायचं काम आहे. "अब्बांचा टाका उसवला तर गिऱ्हाईक घरी येऊन भांडते," असं ती म्हणायची आणि प्रत्येक स्क्रू आवळून झाल्यावर पुन्हा आवळायची. चांदूर स्टार्टरची मूठ ओढायचा, कारण त्याला ते आवडायचं. नांदगाव शाफ्टवर चमकता स्टिकर चिकटवून टॅकोमीटरनं वेग मोजायचा. माझं अक्षर चांगलं, म्हणून मी रीडिंग लिहायचो. व्होल्ट, अँपिअर, वेग असे रकाने आखून ठेवायचे आणि कोणी आकडा ओरडला की तो लिहायचा. पुढे मीटरमधले काटेही मीच वाचायला लागलो. कोणाला त्यात काही चूक वाटली नाही. सगळ्याच बॅचमध्ये असं चालायचं. आमच्या वर्गात तीन वर्षं इलेक्ट्रिकल शिकून वायरला हात न लावलेली मुलं कमी नव्हती, त्यातलाच मी एक.

त्या वर्षी फेब्रुवारीत आई अकोल्याच्या दवाखान्यात भरती झाली आणि मी घरी गेलो. परत आलो तो तेरवी करून.

याबद्दल मला नीट लिहिता येईल की नाही, माहीत नाही. कोणी विचारलं तर मी सांगतो की फार वाईट वाटलं. खरं म्हणजे तेव्हा काहीच वाटत नव्हतं. मोक्षधामाच्या भिंतीला लागून एक ट्रान्सफॉर्मर होता. सगळे आईकडे बघत होते तेव्हा मी त्याची घुरघुर ऐकत होतो आणि त्याचं तेल कधी बदललं असेल, असा विचार करत होतो. घरी आल्यावर मामीनं माझे दोन्ही खांदे धरले. म्हणाली, "रड रे बापू, रडून घे. असा दगडावानी नको बसू." मी मान हलवली. ती आत जाऊन बायकांना म्हणाली, "पोराच्या डोयात पाणीच नाही वं. शिक्षणानं असं होते काय?"

"इंजिनिअरिंगले आहे ना तो," दुसरी कोणी म्हणाली, आणि मग पुढे कोणी काही विचारलं नाही.

आई आणि बाबा दोघंही दालमिलमध्ये. बाबा मशीनवर, आई डाळीच्या निवडाईत. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलेलं नव्हतं, त्यामुळे मी नेमका काय शिकतो हे दोघांनाही सांगता यायचं नाही. मिलमध्ये कोणी विचारलं तर आई म्हणायची, "लायटीचं मोठं शिकून राह्यला." मला ते दुरुस्त करावंसं वाटायचं, पण दुरुस्त करून काय सांगायचं ते सुचायचं नाही.

तेरवी झाली आणि बाबा कामावर गेले. संध्याकाळी परत आले ते एक गोष्ट घेऊन. मिलचा वायरमन काम सोडून गेला होता. मालक म्हणाले होते, तुमचा पोरगा इलेक्ट्रिकलचा आहे ना, पाठवा त्याले, घरचाच माणूस होईल.

"मी हो म्हटलं नाही अन् नाही बी म्हटलं नाही," बाबा म्हणाले. "तू पाह्य. पण मालक फार दिवस थांबनार नाहीत."

"कॉलेज?"

"म्हनूनच तं तुले विचारून राह्यलो."

मला हवं होतं की त्यांनी ठरवावं. त्यांना वाटत होतं की शिकलेल्या मुलानं ठरवावं. आम्ही दोघं भिंतीला टेकून बसून राहिलो. शेवटी मी म्हणालो की कॉलेजात जाऊन बघतो, परीक्षेला बसू देतात का. नाही बसू दिलं तर वर्ष जाईल, आणि वर्ष गेलं तर मी मिलमध्ये येतो. हे बोलताना मला कसलंच दडपण आलं नाही. दुसऱ्या कोणाची तरी गोष्ट ठरवावी तसं मी ते ठरवलं.

अमरावतीला परतलो तेव्हा ऊन तापायला लागलं होतं. डोकं भादरलेलं, म्हणून मी कापडी टोपी घालून लॅबमध्ये गेलो. चांदूर दारातच भेटला. त्याला काही कळलेलं नव्हतं. मी घरच्या कामानं गेलो एवढंच सगळ्यांना माहीत होतं, आणि मीही फोनवर कोणाला काही सांगितलं नव्हतं. त्यानं माझी टोपी उचलली आणि मोठ्यानं ओरडला, "अरे, अकोल्याचा तं पार लख्ख उजेड पडला! थांब, याच्यावर टॅकोचा स्टिकर लावतो, रीडिंग मस्त येईन!"

बाळापूर आतून धावत आली आणि त्याच्या हातातून टोपी ओढली. "गधा आहे का तू? कधी टक्कल करतात, समजत नाही तुले?"

चांदूरचा चेहरा असा उतरला की मलाच त्याची कीव आली. "सॉरी बे," तो म्हणाला. "मले नाही माहीत होतं. कोण...?"

"आई," मी म्हणालो.

त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि तो तिथून हलेचना. शेवटी मीच त्याला म्हणालो की चल, गाडी जाईल तुझी.

मशीन्सचे सर लॅबच्या टोकाला काचेच्या केबिनमध्ये बसायचे. शिस्तीचे म्हणून प्रसिद्ध. मला पाहून त्यांनी आधी टोपीवर बोट दाखवलं. "लॅबमध्ये टोपी नाही." मी टोपी काढली. त्यांनी एकदा बघितलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"घाल, घाल," ते म्हणाले. मग माझी हजेरी काढून बघत बसले. हजेरी कमी होती, ती वरिष्ठांशी बोलून सांभाळता आली असती. पण मशीन्सची आणि पॉवर इलेक्ट्रॉनिक्सची जवळजवळ अर्धी प्रॅक्टिकल्स माझी झालेली नव्हती. ती पूर्ण झाल्याशिवाय टर्म ग्रँट होत नाही, आणि टर्म ग्रँट झाली नाही तर परीक्षेला बसता येत नाही.

"बाकी बॅचची रीडिंग उतरवून घे, असं मी सांगू शकतो," सर म्हणाले. "पण सांगणार नाही. या आठवड्यात येऊन सगळी कर. स्वतः कर. कनेक्शनसकट. एकट्यानं मशीन चालवायचं नाही, बॅचमधलं कोणी तरी सोबत पाहिजे. पण वायरला हात फक्त तुझा."

"हो सर."

"जमेल?"

मला माहीत नव्हतं. मी हो म्हणालो.

पॉवर इलेक्ट्रॉनिक्सचं लवकर आटोपलं. वरच्या मजल्यावर त्याचे तयार संच असतात. पेटीवर आकृती छापलेली, ती बघून छोट्या वायरी खोचायच्या आणि स्क्रीनवर लाट बघायची. थायरिस्टरला गेटवर एक पल्स दिली की तो चालू होतो, मग पल्स काढून घेतली तरी चालूच राहतो, करंट आपोआप कमी होईपर्यंत. हे पुस्तकात वाचलं होतं, आता डोळ्यांनी पाहिलं. पाहून काही वाटलं नाही. लाट कागदावर काढली, सही घेतली. मेसमध्ये जाऊन जेवलो. भाजी वांग्याची होती की दुधीची, ते बाहेर येईपर्यंत विसरलो.

खालच्या लॅबमध्ये मात्र छापलेली आकृती नव्हती. जाड वायरी, पितळी टर्मिनल आणि जमिनीत बोल्टनं ठोकलेली मशीनं. मला स्क्रू ड्रायव्हर कसा धरायचा इथपासून सुरुवात होती. सोबतीला बाळापूर यायची. ती स्टुलावर बसून स्वतःचे ग्राफ काढायची आणि अधूनमधून बघायची. मी वायर टर्मिनलवर उलट्या बाजूनं गुंडाळली की तिला राहवायचं नाही.

"अरे, तशी नको घालू."

"सरांनी तुला हात लावू नको म्हटलं."

"हात नाही लावून राहिली मी. तोंडानं बोलून राहिली."

पहिले दोन प्रयोग जमले. तिसरा डी.सी. शंट मोटरचा वेग बदलण्याचा होता. वाचणाऱ्याला एवढंच कळलं तरी पुरे: या मोटरमध्ये दोन रस्ते असतात. एक आर्मेचरचा, त्यातून मोटर फिरते. दुसरा फील्डचा, त्यातून एक बारीक करंट जातो आणि चुंबक तयार होतं. हा बारीक करंट कमी केला की मोटर जास्त वेगानं फिरते. आणि हा करंट पूर्णच तुटला तर मोटर थांबत नाही, उलट वेडी होते. वेग वाढतच जातो, इतका की आतली गुंडाळी उखडून बाहेर येऊ शकते. हे आम्हाला पहिल्या दिवशी सांगतात. तोंडी परीक्षेत हमखास विचारतात. मला उत्तर पाठ होतं.

मी कनेक्शन केलं. सरांनी लांबून नजर टाकून मान डोलावली आणि ते फोनवर बोलायला बाहेर गेले. मी मूठ ओढली, मोटर चालू झाली. टॅकोमीटर डाव्या हातात, वही टेबलावर, पेन उजव्या हातात. पेन बोटांत तसंच ठेवून फील्डचा करंट थोडा थोडा कमी करत मी रीडिंग लिहायला लागलो. दोन-तीन रीडिंग झाली. रकाने सरळ, आकडे स्वच्छ.

मग फील्डच्या मीटरचा काटा एकदम खाली पडला.

माझ्या हातानं आवळलेला एक स्क्रू मोटरच्या थरथरीनं ढिला झाला होता आणि वायर सुटली होती. हे नंतर कळलं. तेव्हा मी फक्त काटा बघितला आणि रकान्यात शून्य लिहिलं. मग टॅकोमीटर बघितला. आकडा वाढला होता. तो लिहिला. लिहून होईपर्यंत आणखी वाढला होता, म्हणून तो खोडून नवा लिहायला घेतला. मोटरचा आवाज बदलला होता, बारीक आणि उंच झाला होता. टेबल हलत होतं. स्टार्टरची मूठ तशीच चिकटून होती. तो स्टार्टर फील्ड तुटली तरी आपोआप न सुटणारा होता. मेन स्विच माझ्या उजव्या हाताला होता, हात लांब केला असता तर पोहोचला असता.

"मेन पाड!" बाळापूर ओरडली. "अकोला! मेन!"

मी ऐकलं. मी तिच्याकडे बघितलंही. मग पुन्हा टॅकोमीटरकडे बघितलं.

तिनं स्टूल पाडलं, टेबलाला वळसा घातला आणि मला खांद्यानं ढकलून मेन खाली ओढला. मोटर बराच वेळ गुरगुरत थांबली. जळक्या वार्निशचा वास आला. बाळापूरचे ग्राफपेपर जमिनीवर पसरले होते.

"मरायचं आहे का तुले?" ती म्हणाली. तिचा आवाज फाटला होता. "अन् मले पण मारायचं आहे का?"

सर धावत आले. त्यांनी आधी आम्हा दोघांकडे बघितलं, मग मोटरच्या झाकणावर हात ठेवून बघितला, मग सुटलेली वायर. शेवटी वही उचलली. शून्य, त्यापुढे वेगाचा आकडा, खोडलेला, आणि अर्धवट लिहिलेला दुसरा.

"हे काय आहे?"

"रीडिंग, सर."

"मशीन पळून राहिलं होतं अन् तू रीडिंग घेऊन राहिला होता?" सर एरवी आमच्याशी पुस्तकी बोलायचे. "फील्ड तुटली तर काय होते, माहीत नाही तुले?"

मी सांगितलं. फ्लक्स कमी होतो, बॅक ई.एम.एफ. कमी होतो, आर्मेचरचा करंट वाढतो, वेग धोकादायक वाढतो, ताबडतोब सप्लाय बंद करावा. समीकरणासकट सांगितलं. माझा आवाज शांत होता. सर माझ्याकडे बघत राहिले.

"सगळं येते तुले," ते हळू म्हणाले. "मग हात काहून नाही हलला?"

दवाखान्यात आईच्या डोक्याशी एक मॉनिटर होता. त्यावरचे आकडे बाबांना वाचता यायचे नाहीत, म्हणून ते दर थोड्या वेळानं विचारायचे, "किती?" आणि मी सांगायचो. तिथं मला दुसरं काही करण्यासारखं नव्हतं, डॉक्टरांनी आधीच सगळं सांगून ठेवलं होतं. आकडा कमी होत गेला आणि मी सांगत गेलो. त्याचा आणि मोटरचा काही संबंध आहे की नाही, मला अजूनही ठरवता येत नाही. सरांना हे सांगावं असंही वाटलं नाही.

सरांनी वही मिटून स्वतःच्या काखेत धरली. "उद्या ये. पण जे झालं ते बघता टर्म ग्रँटचं मी आत्ता काही बोलत नाही."

त्या संध्याकाळी बाबांचा फोन आला. मालक पुन्हा विचारत होते. मी म्हणालो, उद्या कळेल. काय झालं ते सांगितलं नाही. बाळापूर दिवसभर माझ्याशी बोलली नाही, आणि ते बरोबरच होतं. होस्टेलच्या गच्चीवर कपडे आणायला गेलो तेव्हा वाटलं, मिलमध्ये काम घेतलं तर हे सगळं संपेल. बरं वाटेल की वाईट, याचा अंदाज घ्यायचा प्रयत्न केला. मग कपडे काढून घेतले आणि खाली आलो.

दुसऱ्या दिवशी सर वेळेआधी लॅबमध्ये होते. बाळापूर आणि चांदूर दोघं आले होते. चांदूरला कोणी बोलावलं नव्हतं. सरांच्या हातात माझी वही होती, आणि पेनही.

"आज मी लिहितो," सर म्हणाले. "तू मशीन चालव. वही-पेनाला हात लावायचा नाही. टॅको चांदूर धरेल."

त्यांनाही आमची नावं माहीत होती, हे तेव्हा कळलं.

मी पुन्हा कनेक्शन केलं. प्रत्येक स्क्रू आवळला आणि पुन्हा आवळला. बाळापूर हाताची घडी घालून बघत होती, तोंडानंही काही बोलली नाही. मूठ ओढली. मोटर चालू झाली. हातात काही नव्हतं, त्यामुळे हात कुठं ठेवावेत ते कळेना. उजवा हात मी मेन स्विचवर ठेवला आणि डाव्यानं फील्डचा करंट कमी करत गेलो. चांदूर आकडे ओरडायला लागला आणि सर लिहायला लागले. त्यांचं अक्षर वाईट होतं. रकान्याबाहेर जात होतं. मला ते बघवेना, म्हणून मी मोटरकडे बघायला लागलो. एवढ्या वर्षांत चालत्या मोटरकडे मी बहुधा पहिल्यांदाच बघत होतो. शाफ्टवर चिकटवलेला चमकता तुकडा फिरून फिरून एक गोल रेघ झाला होता. पायाखालची फरशी थरथरत होती.

तिसऱ्या की चौथ्या रीडिंगला सर मान वर न करता म्हणाले, "आता समज, फील्ड..."

मी मेन खाली ओढला.

मोटर गुरगुरत मंदावली. सर पेन तसंच धरून माझ्याकडे बघत होते. "अरे, समज म्हटलं मी! वाक्य तर पूर्ण होऊ दे."

"सर, त्याचा काही नेम नाही आता," चांदूर म्हणाला. "तुमी फील्ड म्हटलं की लाईट जाईन."

बाळापूर हसली. कालपासून पहिल्यांदा. मीही हसायला बघितलं, पण माझा उजवा हात थरथरायला लागला होता आणि थांबत नव्हता. काल थरथरला नव्हता. मी तो खिशात घातला, तरी खिशात थरथरत राहिला. मी पाणी पितो म्हणून बाहेर गेलो आणि माठाशी उभा राहिलो. पाणी गार होतं. ते गार लागलं, हे मला ठळक आठवतं.

परत आलो तेव्हा सरांनी पहिल्यापासून सुरू करायला लावलं. या वेळी सगळी रीडिंग झाली. सरांनी वहीवर सही केली, टेबलावरून माझ्याकडे सरकवली आणि म्हणाले, "उरलेली दोन परवापर्यंत कर. टर्म ग्रँट करतो. परीक्षेत मात्र तोंडीला मी नसेन, बाहेरचे असतील. हात खिशात घालून बसू नको." मग केबिनकडे जाता जाता थांबले. "आई काय करायच्या तुझ्या?"

"दालमिलमध्ये निवडाईला होती."

"बरं," ते म्हणाले. मग केबिनमध्ये जाऊन बसले.

मी बाहेर पायरीवर बसून बाबांना फोन लावला. मागं मिलच्या मशीनचा आवाज होता. ते बाजूला गेले असावेत, आवाज कमी झाला.

"बाबा, परीक्षेले बसून राह्यलो मी."

"बसू देतात?"

"हो."

"मंग मालकाले काय सांगू?"

इतके दिवस हे मी लॅबवर, सरांवर, मोटरवर सोपवलं होतं. सगळ्यांनी आपापलं काम केलं होतं. आता बाबा थांबले होते.

"नाही म्हणून सांगा," मी म्हणालो.

"पक्कं?"

"पक्कं."

"बरं. आजच सांगतो. त्याईलेबी दुसरा मानूस पाहा लागन." मग म्हणाले, "आवाज कावून असा येऊन राह्यला तुया? सर्दी झाली काय?"

"नाही," मी म्हणालो आणि पुढे मला बोलता येईना. बाबांनी फोन ठेवला नाही. मीही ठेवला नाही. पायरीवरून येणारे-जाणारे बघत होते, तरी मी डोळे पुसले नाहीत. बऱ्याच वेळानं बाबा म्हणाले, "होऊ दे. मी आहो अठी."